पाव गोळीचं झुकतं माप

मारोतरावांनी नव्या ब्लेडनं गोळीचे चार तुकडे केले, पण त्यांतला एकही दुसऱ्यासारखा झाला नाही. एक जाड, एक तिरपा, एक बरा आणि चौथा नुसता कणीएवढा. चौथ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. दुकानात असा माल त्यांनी कधी कुणाच्या पदरात टाकला नव्हता.

गोळी त्यांच्या बायकोची, प्रयागबाईंची होती, हृदयाची. ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना त्यांना मध्ये थांबावं लागायचं, पायावर सूज यायची. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हृदय फार थकलंय, आता त्याला जपून न्यायचं. जपून न्यायला त्यांनी ही गोळी दिली. रोज पाव. गावात, तामसीच्या औषधाच्या दुकानात ती मिळाली नाही, म्हणून मारोतराव बसनं आदिलाबादला गेले. तिथल्या दुकानदारानं आधी तेलुगूत आणि मग हिंदीत समजावलं की कमी ताकदीची गोळी इकडे येतच नाही, मोठीच घेऊन तोडा. वर त्यानं बोट उचलून बजावलं, "पाव मतलब पाव, सावकार. छोटी दिखती है, मगर बहुत तेज है."

येताना बसमध्ये मारोतरावांचा हात सारखा बंडीच्या खिशावर होता. सबंध आयुष्य त्यांनी गावात किराणा दुकान चालवलं. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की गिऱ्हाईकाकडचं पारडं खाली टेकल्याशिवाय हात काढायचा नाही. साखर तोलली की वरून चिमूट, तांदूळ तोलले की वरून मूठ. आजूबाजूच्या गावांतली माणसं त्या मुठीसाठी त्यांच्याकडे येत. आता ज्या बाईनं त्यांच्या घरात जन्म काढला, तिला नेमकं पाव द्यायचं म्हणजे त्यांच्या हाताला ते मोठंच संकट होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलाच्या, सुरेंद्रच्या, इलेक्ट्रिक काट्यावर एक तुकडा ठेवला. काट्यानं शून्य दाखवलं. त्यांनी दुसरा ठेवला, तरी शून्य. मग त्यांनी अख्खी गोळी ठेवली, आणि काटा शून्यावरून हलला नाही.

"हे पाय," ते सुरेंद्रला म्हणाले, "वजनच नाई. शून्य वजनाची दवा खाऊन माणूस कसा उठंन?"

सुरेंद्र म्हणाला की हा काटा डाळ-तांदळाचा आहे, एवढ्याशा वस्तूला तो ओळखत नाही. मारोतरावांना ते पटलं नाही. त्यांनी माळ्यावरून लवंगा-वेलदोड्याची जुनी पितळी तागडी काढली, चिंचेनं घासली आणि दोन्ही पारड्यांत तुकडे ठेवून पाहू लागले. जे पारडं खाली जाई, त्यातला तुकडा प्रयागबाईंना. उरलेला लहान तुकडा दुसऱ्या दिवशी एकटा द्यायला मन धजेना, म्हणून त्याच्या सोबतीला आणखी एक लहान तुकडा. कागदावर सांडलेला चुरा बोटानं टिपून वरून. मग वाटीतलं पाणी पाजायचं, पदरानं तिनं तोंड पुसेपर्यंत उभं राहायचं आणि लगेच दुकानाकडे निघायचं. बसायचं त्यांना कधी जमलं नाही. गिऱ्हाईक खोळंबायचं.

गोळ्यांचं पाकीट लवकर संपलं. कंपनीनं कमी भरलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि दुसरं आणलं.

त्याच सुमारास प्रयागबाईंची जेवणावरची वासना उडाली. ताट समोर आलं की मळमळायचं. आणि एके दिवशी त्यांनी सुनेला, हर्षालीला, हाक मारली.

"हर्षाली, वरनात हळद काऊन एवढी टाकून राह्यली तू?"

हर्षालीनं चिमूटभरच टाकली होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या निम्मी टाकली. तरी वरण पिवळंच. मग भात पिवळा, दूध पिवळं. दूधवाल्याला बोलणी बसली. कडेवरच्या तान्ह्या नातीला प्रयागबाईंनी उजेडात नेऊन पाहिलं आणि पोरीला कावीळ झाली म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. हर्षालीनं घाबरून पोरीचे डोळे, नखं, जीभ सगळं पाहिलं. पोर कापसाच्या बोंडासारखी पांढरीशुभ्र हसत होती. वय झालं की डोळ्यांवर पडदा येतो, तसलंच काही असेल, असं सुरेंद्र म्हणाला. मोतीबिंदू दाखवायला उन्हाळ्यात नेऊ, असं ठरलं.

शेवटी पाळी आली मारोतरावांच्या धोतरावर. "जिंदगीभर पांढरं धोतर घातलं," प्रयागबाई म्हणाल्या, "आता सून आली तं हळदीचं घालून फिरून राह्यले." हर्षालीनं धोतर पुन्हा धुतलं, थोडी नीळ घातली. "अजून पिवळंच हाये वं." तिनं आणखी नीळ घातली. रोज थोडी थोडी. जेव्हा प्रयागबाईंना ते धोतर पांढरं दिसलं, तेव्हा बाकी सगळ्या गावाला ते आभाळासारखं निळं दिसत होतं. मारोतराव तेच नेसून गल्ल्यावर बसू लागले. बायको ताटावरून उठताना निदान धोतराकडे पाहून तरी समाधानानं मान हलवते, एवढं त्यांना पुरत होतं.

वरणातली हळद मात्र हर्षालीनं अगदी काढूनच टाकली. मारोतरावांनी ते ताटात पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. ज्या घरात मयत झालं, त्या घरी सुतकात बिनहळदीचं वरण शिजतं.

"असं वरन घरात रांधू नये, बाई," ते हळूच म्हणाले.

"मामाजी, आत्याबाई या वरनाचे दोन घास तरी खातात," हर्षाली सासऱ्यांना म्हणाली. "पिवळं असलं तं पायतही नाईत." मारोतरावांनी ते वरण भातावर ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सखूबाई विरजण मागायला आल्या. सुरेंद्र माल आणायला आदिलाबादला गेला होता, घरात कुणाचा आवाज नव्हता. प्रयागबाई उजेड डोळ्यांना टोचतो म्हणून तोंडावरून पांढरी चादर ओढून निजल्या होत्या. हर्षाली मागच्या अंगणात धुणं धूत होती. चुलीजवळ पातेल्यात पांढरंफटक वरण. सखूबाईंनी वरण पाहिलं, चादर पाहिली आणि वाटी तिथंच ठेवून उलट्या पावली बाहेर आल्या. अशा वेळी कुणी विचारत बसत नाही. त्या तडक दुकानात गेल्या.

"लय वाईट झालं, मारोतराव."

मारोतरावांना वाटलं, दुखण्याचं विचारताहेत. "काय करता, सखूबाई. आपल्या हातात काय हाये."

"कवा झालं?"

"चालूच होतं तसं. आज तं उठलीच नाई."

सखूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचं आणि प्रयागबाईंचं माहेर एकच, भैंसा. त्यांनी तिथं प्रयागबाईंच्या धाकट्या भावाला, माणिकरावाला, फोन केला आणि गल्लीत घरोघरी सांगितलं.

दुपारी मारोतराव जेवायला घरी आले, तेव्हा ओट्यावर, अंगणात, लिंबाखाली माणसं बसली होती. कुणी बोलत नव्हतं. त्यांना पाहून सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्या निळ्या धोतराकडे पाहून कुणीतरी हळूच म्हणालं, "ध्यान नाई राह्यलं बिचाऱ्याचं."

मारोतरावांना विचारायची गरज वाटली नाही. इतकी माणसं अशी गप्प कशासाठी बसतात, हे त्यांनी पुष्कळ अंगणांत पाहिलं होतं. मी दुकानात होतो, आणि ती गेली. एवढंच त्यांच्या मनात आलं. ते दारापर्यंतही न जाता तिथंच, माणसांमध्ये, मातीत बसले. सकाळी गोळी देताना तिनं "बसा ना वो जरा" म्हटलं होतं. पेंडीचं गिऱ्हाईक उभं होतं म्हणून ते "येतो" म्हणून निघून गेले होते. आता ते पेंडीचं गिऱ्हाईक लिंबाखाली बसून त्यांच्याकडे दयेनं पाहत होतं. मारोतरावांनी गुडघ्यांत तोंड घातलं आणि ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले. त्यांना रडताना पाहून बायांनीही सूर लावला.

त्या आवाजानं प्रयागबाईंना जाग आली. चौकटीला धरून त्या दारात उभ्या राहिल्या.

"कोन गेलं वो?"

अंगणात जो सन्नाटा पसरला, त्यात कुणाच्या तरी हातातून उपरणं खाली पडलेलं ऐकू आलं. मारोतरावांनी वर पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सखूबाई गर्दीच्या मागे मागे सरकत कुंपणापर्यंत गेल्या.

"बसा बसा," प्रयागबाई सगळ्यांना म्हणाल्या. इतकी माणसं दारी आली आहेत तर काहीतरी कारण असेलच, असं त्यांच्या साध्या मनाला वाटलं. "हर्षाली, चहा टाक वं. लय मान्सं हायेत." हर्षाली ओल्या पोरीला टॉवेलात गुंडाळून धावत पुढे आली आणि अंगणातली गर्दी बघून जागीच थांबली.

तेवढ्यात भैंशाहून जीप आली. माणिकराव उतरतानाच "बाई गं" म्हणून हंबरडा फोडत धावला आणि दारात बहिणीला उभी पाहून त्याचा हंबरडा अर्ध्यावरच थांबला.

"माणक्या," प्रयागबाई त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तू बी पिवळा दिसून राह्यला रे." आणि चौकटीवरचा त्यांचा हात सुटला.

माणिकरावानं त्यांना खाली पडू दिलं नाही. कुणीतरी नाडी पाहिली आणि म्हणालं, चालू हाये, पर लय हळू. तामसीहून आदिलाबादची बस निघून गेलेली होती. पण दारात जीप उभी होती, तिरडी धरायला आलेले चार धडधाकट खांदे होते. त्याच खांद्यांनी प्रयागबाईंना उचलून जीपमध्ये ठेवलं. मयताला आलेली गाडी जिवंत माणसाला घेऊन आदिलाबादकडे भरधाव सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, छातीला तारा लावल्या आणि विचारलं की गोळी कोण देतं, कशी देतं. मारोतरावांनी पुढे होऊन सगळं सांगितलं. तागडी, खाली जाणारं पारडं, लहान तुकड्याची सोबत, वरचा चुरा. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. डॉक्टर तेलुगू होते, हिंदीत बोलायचे. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"बाबा," मग ते म्हणाले, "ये दवा है, चावल नहीं."

पिवळं दिसणं, मळमळणं, नाडी मंदावणं, सगळं त्या वरच्या मुठीचं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर अंगणात जमलेली माणसं खऱ्याच मयताला आली असती. मारोतराव भिंतीला टेकून उभे राहिले. हर्षालीनं पोरीला सुरेंद्रजवळ दिलं आणि सासऱ्यांचा हात धरला. पोरीला ताप आला की दवेचे थेंब ती रेघेला डोळा लावून मोजायची. मामाजींच्या तागडीला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता.

प्रयागबाई वाचल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी मारोतरावांना बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलेलंच आहे, ते नवं होणार नाही. जपून न्या. गोळी बंद करून त्यांनी कुठून तरी मागवलेली लहान मुलांची पातळ दवा दिली. तिच्यासोबत काचेची नळी होती, आणि नळीवर रेघ.

घरी आल्यावर प्रयागबाईंना पहिल्यांदा भूक लागली. हर्षालीनं घाईघाईत सवयीनं तेच बिनहळदीचं वरण वाढलं. प्रयागबाईंनी ताटाकडे पाहिलं.

"काऊन वं," त्या म्हणाल्या, "माह्या मयताचं वरन उरलं व्हतं का?"

हर्षालीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. ती हळदीचा डबा आणायला आत पळाली.

मारोतराव दवा घेऊन आले. खाटेजवळ उभं राहून त्यांनी नळी उजेडात धरली, एक डोळा मिटला. दवा रेघेच्या किंचित वर होती. त्यांनी एक थेंब बाटलीत परत सोडला. उभ्या जन्मात तोललेला माल त्यांनी असा कधी परत काढून घेतला नव्हता. दवा पाजल्यावर नळीच्या टोकाला थोडी लागून राहिली, ती झटकायला त्यांचं बोट पुढे गेलं आणि मागे आलं.

"मले ठाऊक व्हतं," प्रयागबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमी वरून देऊन राह्यले व्हते. मी पायत व्हती ना. चुरा बी दिसे."

"मंग बोलली काऊन नाई?"

प्रयागबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "साऱ्या गावाले तुमी वरून दिलं. मले पयल्यांदाच देऊन राह्यले व्हते. नाई कशी म्हनू?"

मारोतरावांनी नळी धुतली, बाटलीचं झाकण लावलं. मग ते खाटेच्या कडेवर, तिच्या पायाशी बसले.

"दुकान?" प्रयागबाईंनी विचारलं.

"सुरेंद्र हाये."

"गिऱ्हाईक?"

"थांबंन."

त्या जरा सरकल्या आणि त्यांना नीट बसायला जागा दिली. आतून हळदीच्या फोडणीचा वास आला. मग प्रयागबाईंची नजर खाली गेली.

"अवो, हे निळं धोतर काऊन घातलं? मान्सं हसतील ना. बदलून या, जा."

"बदलतो सांजच्याला," मारोतराव म्हणाले, आणि उठले नाहीत.