खिडकी कोणाच्या हद्दीत

दुकानाला खिडकी एकच होती आणि भाऊ दोन. थोरला घड्याळं दुरुस्त करायचा, धाकटा छत्र्या. वीस वर्षं दोघांचा पसारा एका खोलीत गुण्यागोविंदाने नांदला. पण महिन्याभरापासून थोरल्याला घड्याळाचे काटे दिसेनात, धाकट्याला सुईत दोरा ओवता येईना, आणि दोघांनाही खिडकीखालचीच जागा हवी झाली. बोलणं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा धाकट्याची कॉम्प्युटर शिकणारी मुलगी मध्ये पडली.

"काका, मी शिडीवरून फोटो काढते. तुमच्या वस्तूंवर लाल ठिपके, बाबांच्या वस्तूंवर निळे. मधली रेघ मशीन मारेल. त्याला ना काका, ना बाबा."

दोघे आपापल्या जागी ताठ बसले. तासाभरात रेघ आली. सरळ, आणि खिडकी धाकट्याकडे.

"दोन वस्तू चुकीच्या बाजूला राहिल्यात," पुतणी म्हणाली. "पण ही रेघ एवढ्यातेवढ्याला भीक घालत नाही."

"न्याय म्हणतात तो हा," धाकटा म्हणाला.

"लंगडा न्याय. मी माझा एक स्क्रूसुद्धा सोडणार नाही. दुसरी मार."

दुसरी रेघ गांडुळासारखी वळवळत गेली आणि खिडकी थोरल्याच्या पदरात पडली. तो मनातल्या मनात स्टूल उचलून तिथे बसलादेखील. मग त्याने फोटो नाकाशी धरला.

"हे दोन गोल कसले?"

"ज्याची वस्तू त्याला मिळावी म्हणून रेघेने दोन बेटं केलीत."

"अगं, एक बेट माझ्या डोक्याभोवती आहे."

"म्हणजे दादा, तुझं डोकं माझ्या मालकीचं," धाकटा म्हणाला.

"घेऊन जा. तुला गरज आहेच."

पुतणी फोटोवर वाकली. "ठिपका डोक्यावर नाही, चष्म्यावर दिलाय. महिन्यापूर्वी दोघांनी एकाच दिवशी एकसारखे चष्मे आणलेत. बदलू नयेत म्हणून काकांच्या दांडीला मी लाल दोरा बांधला होता. ठिपके मी दोरा बघून दिले, आणि तो तर बाबांच्या कानावर आहे."

"मग मला कसा दिसला नाही?" थोरल्याने विचारलं.

चष्म्यांची अदलाबदल झाली. थोरल्याने स्टूल खिडकीखाली नेऊन एक घड्याळ उघडलं, धाकट्याने सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात.

बराच वेळ दोघांचे हात चालत राहिले. मग थोरला डोळे किलकिले करत म्हणाला, "धाकट्या, ती खिडकी तूच ठेव. ऊन फार येतं."

"छे, दादा. मशीनने तुला दिलीय."

"पहिल्या रेघेने तुला दिली होती. सरळ माणसाने सरळ रेघ मानावी."

पुतणीने शिडी पुन्हा उभी केली.