सत्तावीस नंबरचं डिप

भोपळ्याचं डिप करायला अक्कल लागत नाही, डोळा लागतो, असं शेडमास्तरांनी रविवारी सकाळी जाहीर केलं आणि बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं!

मास्तरांची वीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग कालवण्यात गेलेली. गिऱ्हाइकाने नुसता रुमाल दाखवावा, मास्तरांनी हुबेहूब त्याच रंगाचा डबा भरून द्यावा. पानगळ सुरू झाली आणि दुकानात संध्याकाळच्या चहाबरोबर एकेकाने घरचं काहीतरी आणायची टूम निघाली, तेव्हा मास्तर म्हणाले, "बिस्किटाला लावायचं बाजारातलं डिप म्हणजे पाणी मारलेला डिस्टेंपर! सोमवारी माझं खाऊन बघा."

ओट्यावर त्यांनी चक्क शेडकार्ड उभं केलं. नंबर सत्तावीस, पिकल्या पानाचा रंग. भाजलेला भोपळा घोटला, तो फिका वाटला. मोहरीची पेस्ट घातली, भडक झाला. भडकपणा मारायला दही, दह्यावर उतारा म्हणून बीट आणि बीट जास्त झालं म्हणून कॉफी! वरून अक्रोडाचा चुरा. शेवटी रंग असा जुळला, की कार्ड कुठलं नि भोपळा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"अहो, पण चव बघितलीत का?" बायकोने दारातूनच विचारलं.

"रंग जमला की चव झक मारत येते!"

डिप न्यायला घरात दुकानातलाच एक कोरा नमुन्याचा डबा सापडला. मास्तरांनी तो भरला, झाकण दाबलं आणि हाताच्या सवयीने वर लिहिलं, '२७'.

सोमवारी नेमक्या हॉटेलवाल्या बाई येणार होत्या. बाईंना चाळीस खोल्या रंगवायच्या होत्या आणि आजवर दाखवलेल्या प्रत्येक रंगाला त्यांनी नाक मुरडलं होतं. सत्तावीसला तर दोनदा! मालकांनी सकाळीच मास्तरांना बजावलं, "आज बाई नाही म्हणाल्या, तर उद्यापासून तुम्ही गोदामात डबे रचत बसा." गोदामात ना खिडकी, ना गिऱ्हाईक. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. डिपचा डबा काउंटरवरच ठेवून ते मागच्या खोलीत नवे नमुने कालवायला धावले.

बाई अर्धा तास आधीच उगवल्या. मालकांनी काउंटरवरचा हाताला लागला तो डबा उघडला, ब्रश बुडवला आणि फळीवर एक लांबलचक पट्टा ओढला. मास्तर बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"साहेब, ते..."

"गप्प बसा हो!"

बाई फळीजवळ गेल्या, चार पावलं मागे आल्या, डोळे मिटून उघडले. "हाच! याला पोत आहे. हा रंग श्वास घेतोय! इतके दिवस का लपवलात?"

"खास माणसांसाठीच काढतो आम्ही," मालक म्हणाले.

"आणि वास बघा, किती नैसर्गिक!"

मास्तरांना राहवलं नाही. "बाई, हा सत्तावीस नंबरच..."

"तो? तो तर मेलेला रंग! मला काय डोळे नाहीत?" बाईंनी ऑर्डरवर सही ठोकली आणि त्या निघूनही गेल्या.

इतक्यात चहा आला. दुकानातली मंडळी बिस्किटं हातात धरून डिपची वाट बघू लागली.

"साहेब," मास्तर पुटपुटले, "फळीवर आहे, तेच डिप."

मालकांनी डब्यात बोट बुडवून तोंडात घातलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दोन ग्लास पाणी उभ्या उभ्या प्यायले. मंडळींनी बिस्किटं निमूटपणे चहात बुडवली.

"मास्तर, गोदाम रद्द. सत्तावीसमध्ये पोतासाठी बारीक भुसा कालवा आणि माल पाठवून द्या," मालक घसा खाकरत म्हणाले. "पण हे खायचं म्हणून केलं होतंत, असं बाहेर बोललात तर याद राखा!"

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "आवडलं का हो सगळ्यांना?"

"चाळीस खोल्यांची ऑर्डर मिळाली!"

"अगबाई! म्हणजे चव बघितलीत तर शेवटी!"

"मालकांनी बघितली," मास्तर म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पेन घेतलं आणि झाकणावर '२७'च्या खाली ठळक अक्षरात लिहिलं, 'खाऊ नये'.