युनूसचाचांचे कान

युनूसचाचा गाडी तपासायला लागले की आमच्या लोणखेड्याच्या रस्त्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं, असा नियम आहे. चहावाल्याने रेडिओ बंद करायचा, रसवंतीवाल्याने घुंगरं थांबवायची आणि गिऱ्हाइकांनी खोकलासुद्धा गिळायचा. चाचा लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. एकदा त्यांनी चक्क वरात थांबवली. बँडवाले चिडले, नवरदेव उन्हात घामाघूम झाला, पण चाचा हलले नाहीत. "लगीन काय पळी जाई ऱ्हायनं? आवाज पळी जाई," म्हणाले.

माझं पपईचं शेत त्यांच्या गॅरेजच्या मागेच, त्यामुळे हे सगळं मी लहानपणापासून पाहतो आहे. चाचा घरी उर्दू बोलतात, आमच्याशी अहिराणी आणि इंजिनाशी दोन्ही. हट्ट एकच, फॉल्ट सापडल्याशिवाय गाडी सोडायची नाही. सापडेपर्यंत ते दाढीला मेंदीही लावत नाहीत. दाढीची मुळं पांढरी दिसली की गाव समजतं, चाचांची सध्या कुणाशी तरी झुंज चालली आहे.

सगळ्यात मोठी झुंज झाली हिंमतनानांच्या ट्रकशी. नाना आमच्या भावकीतले, घरचे बागायतदार, पण जुना ट्रक स्वतः चालवायची हौस दांडगी. आमची केळी-पपई घेऊन ते नवापूरकडे जातात. तर हा ट्रक चिंचपाड्याच्या अलीकडे चालता चालता बंद पडला आणि थोड्या वेळाने, काही न करता, सुरू झाला. चाचांनी टाकी उतरवली. आत गोणपाटाचा तुकडा निघाला. डिझेल ओढलं की तो नळीच्या तोंडाला चिकटायचा आणि इंजिन उपाशी मरायचं. गाडी थांबली की सुटून तरंगायचा. चाचांनी तो तुकडा टपरीवर सगळ्यांना दाखवला आणि संध्याकाळी मेंदी लावली.

पुढच्या आठवड्यात नाना पुन्हा दारात हजर. "चाचा, परत बंद पडनी."

चाचांनी फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, एअर काढली, पंप उघडला. गॅरेजसमोर ट्रक दिवसभर गुणी बाळासारखा चालायचा. नवापूरच्या वाटेला लागला की पुन्हा बंद. टपरीवर कुजबुज सुरू झाली, "चाचाना कान गयात." नेहमीचे ट्रकवाले परस्पर शहाद्याला जाऊ लागले. एक दिवस चाचा माझ्या विहिरीवर आले आणि चांगल्या चालणाऱ्या मोटरीला स्क्रू ड्रायव्हर लावून बसले. "तुले ऐकू येस का खरखर?" मी नाही म्हणालो. "माले बी नही," ते म्हणाले, पण चेहरा उतरलेलाच होता. एवढा मोठा कारागीर स्वतःच्या कानांना भिऊ लागला होता. मला फार वाईट वाटलं.

शेवटी चाचा म्हणाले, "नाना, मी बी येस तुन्हासंगे." नानांनी "कशाले तरास?" म्हणून बरीच टाळाटाळ केली, पण चाचा केबिनमध्ये चढून बसले. माल माझा होता, म्हणून मीही चढलो.

नंदुरबार मागे पडलं. चाचा इंजिनाच्या झाकणाला कान लावून होते. चिंचपाडा जवळ आलं आणि इंजिन बंद पडलं. चाचांनी डोळे उघडले. डिझेल तुटलं तर इंजिन धापा टाकत, अडखळत थांबतं. हे एका झटक्यात गप्प झालं होतं. असल्या जुन्या ट्रकचं इंजिन बंद करायला एक तार ओढावी लागते. चाचांनी तिकडे पाहिलं, मीही पाहिलं. तार ओढलेली होती आणि तिच्या मुठीवर नानांचा हात होता.

"देखा, पडनी ना बंद!" नाना समोरच्या काचेकडे बघत म्हणाले आणि घाईघाईने उतरले.

रस्त्यापलीकडच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन आली, मागे एक छोटी मुलगी. मी ओळखलं. ती नानांची लेक सुनंदा. इकडे नोकरीला आली आणि इथल्याच कोकणी आदिवासी मुलाशी लग्न करून राहिली. तेव्हा नानांनी साऱ्या भावकीसमोर शपथ घेतली होती की तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. शब्दाला नाना पक्के. त्यांनी पाय रस्त्याच्या अलीकडेच ठेवले होते; गाडीच बंद पडते, त्याला ते तरी काय करणार! पहिल्यांदा गोणपाटाने गाडी खरोखर इथेच अडवली असणार आणि लेक पाणी घेऊन धावली असणार.

मी तोंड उघडणार, तोच चाचांनी माझा गुडघा दाबला. पाना घेऊन ते ट्रकखाली सरकले आणि ठोकाठोकी करू लागले.

"आबा, भाकर आनू का?" सुनंदाने बापाला विचारलं.

नाना नातीला मांडीवर घेऊन दगडावर बसले होते. "आन. गाडीले टाइम लागी."

"लई टाइम लागी, नाना!" ट्रकखालून आवाज आला.

मी वाकून पाहिलं. चाचा उताणे पडून नुसत्या लोखंडावर पाना आपटत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कान चांगला शेतस रे मन्हा," ते हळूच म्हणाले.

परत आलो तेव्हा टपरीवर सगळे वाटच बघत होते. "काय चाचा, सापडना का फाल्ट?"

चाचांनी नानांकडे पाहिलं. नाना खाली मान घालून किल्ली चाचपत होते.

"नही सापडना," चाचा म्हणाले. "लोके खरं म्हनतस. कान गयात मन्हा."

कुणी हसलं नाही. हा माणूस हरल्याचं कबूल करतो, हे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. नानांनी किल्ली खिशात टाकली. मग त्या भरल्या टपरीवर, भावकीतल्या चार जणांसमोर, म्हणाले, "चाचाना कान चांगला शेतस. तार मी वढस. अंडेर शे मन्ही तठे, मन्ही लेक. नात शे."

चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आते तार वढू नको, नाना. ब्रेक शे ना गाडीले? ब्रेक मार आनि उतर."