पिस्ता रंगाची सतरा घरं

या शहरात मला कुणाला रस्ता विचारावा लागत नाही. बेचाळीस वर्षं घरं रंगवली मी. निम्म्या शहराच्या भिंतींवरून माझा हात फिरलाय. अक्षरओळख झाली ती साठीनंतर, त्यामुळे पाट्यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. पिवळ्या बंगल्यापाशी डावीकडे, करड्या इमारतीमागून उजवीकडे, असा अख्खा नकाशा डोक्यात पक्का बसलेला.

म्हणून त्या दिवशी दुपारी दोनला मी बायकोला म्हणालो, "बस कशाला? चालत जाऊ. पंचवीस मिनिटांत आक्काच्या दारात उभी करतो तुला."

आक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी. आईच्या शिलाई मशीनवरून दोघी बहिणींत दोन वर्षं अबोला. आणि आक्का त्याच दिवशी कायमची लेकाकडे परगावी निघाली होती. पाचला दारात टॅक्सी, सहाची बस. त्याआधी गाठ पडली नाही तर अबोला तसाच राहणार, या धास्तीने हिने दोन दिवस कशातच मीठ घातलं नव्हतं.

"आधी फोन करायचा का?" मी विचारलं.

"केला तर ती येऊ नकोस म्हणेल. दारात उभं राहिल्यावर काय म्हणते बघू."

निघालो. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यातून हिला सगळी घरं डांबर फासल्यासारखी दिसत होती. म्हणजे भिस्त माझ्यावर.

पिवळा बंगला आलाच नाही. त्याच्या जागी एक जांभळी इमारत उभी होती. मी म्हटलं, पुढे असेल. पुढे करडी इमारत सापडली, पण एकीच्या जागी तीन. पहिलीमागून वळलो तर भिंत, दुसरीमागून वळलो तर धोब्याच्या दोऱ्या, तिसरीमागून वळलो तर पुन्हा जांभळी इमारत.

"अहो, हा कुत्रा आपल्याला मगाशी भेटला होता," ही म्हणाली.

"कुत्रे सारखेच दिसतात."

"मगाशी तो भुंकला होता. आता शेपूट हलवतोय."

मेव्हणीच्या घराला मी स्वतः आकाशी रंग दिला होता, तो मैलावरून ओळखला असता. एकाच गल्लीतून आम्ही तीनदा गेलो, आकाशी काही दिसेना. साडेतीन वाजून गेले.

"कुणाला तरी विचारा हो."

"माझ्याच भिंतींचा पत्ता परक्याला विचारू?"

हिने फक्त चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्या पुसण्याने मी पार वितळलो.

मग मला युक्ती सुचली. वरचे रंग बदलले असतील, खाली माझाच हात असणार! समोरच्या गुलाबी घराच्या कोपऱ्यावर मी नखाने खरवडायला लागलो. गुलाबीखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली जातोय तेवढ्यात दार उघडलं. एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आलात एकदाचे? तीन दिवस वाट बघतेय रंगाऱ्याची."

"बाई, मी रंगारी आहे, पण..."

"पण-बिण नको. ही घ्या पत्री. अख्खी भिंत खरवडायची आहे. आणि या कोण, मदतनीस? बसा बाई, चहा टाकते."

जन्मभर पत्री हातात दिली की खरवडायचं, एवढंच हाताला ठाऊक. हात चालू लागला. हाताएवढी जागा मोकळी झाली आणि खालून पिस्ता रंग डोकावला.

"सापडला!" मी ओरडलो. "हा माझा पिस्ता. हे औषधवाल्याचं घर. इथून तिसरं वळण."

ही चहाचा कप धरून पायरीवर बसली होती. शांतपणे म्हणाली, "त्या वर्षी पिस्ता किती घरांना दिलात?"

मी बोटांवर मोजू लागलो. त्या वर्षी दुकानदाराकडे दुसरा रंगच उरला नव्हता.

"सतरा," मी म्हणालो.

तेवढ्यात खरा रंगारी शिडी घेऊन आला. माझ्या हातातली पत्री बघून त्याला वाटलं, बाईंनी काम दुसऱ्याला दिलं. तो बाईंवर चिडला, बाई माझ्यावर. त्या गोंधळात ही उठली, त्या रंगाऱ्यापाशी गेली आणि आक्काच्या नवऱ्याचं नाव सांगून घर कुठे म्हणून विचारलं.

"हे काय, समोरच," तो म्हणाला.

समोर विटकरी रंगाचं घर. गॅलरीत आक्का हाताची घडी घालून उभी. पाच वाजायला दहा मिनिटं कमी.

"तीनदा माझ्या दारावरून गेलात," ती वरून म्हणाली. "एकदाही मान वर केली नाहीत. आणि चहा कुणाकडे घेतलात, तर हिच्याकडे? हिचं नि माझं कधी पटलंय?"

"आक्के, हे म्हणाले, रस्ता मला माहीत आहे," ही म्हणाली.

आक्का मग खाली आली आणि हिच्या दंडाला धरून म्हणाली, "आणि तू ऐकलंस? तुझ्या लग्नाच्या दिवशीही हे वरात घेऊन भलत्याच घरी गेले होते ना गं?"

"भलत्याच. आणि वर त्या लोकांनाच विचारलं, नवरी कुठे आहे!"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, की रडत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही. टॅक्सी आली. निरोप द्यायला आम्हीही बसलो. वाटेत रस्ता खणलेला. ड्रायव्हर म्हणाला, "दुसरी वाट ठाऊक आहे का कुणाला?"

हिने माझ्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला, पण तोवर मी बोलून गेलो होतो.

आक्का आज आठ दिवस आमच्याकडेच आहे. उद्याच्या बसचं तिकीट काढलंय. सोडायला मी येऊ का, म्हणून सकाळी विचारलं, तर दोघी एका सुरात 'नको' म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं.