सुखदेवभाऊंचे दोन कार्बोरेटर

कोणतीही बंद पडलेली वस्तू दिसली की सुखदेवभाऊ आधी तिच्या पोटाला कान लावतात. वस्तूला पोट नसलं तर ते शोधून काढतात.

आमचा फ्रिज गार होईना, असं मी त्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं. पाचव्या मिनिटाला भाऊ कुंपणाच्या फटीतून आमच्या स्वयंपाकघरात हजर. खाली बसले, फ्रिजला मागून मिठी मारली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. माझी बायको मंगल कणकेचे हात तसेच धरून बघत उभी होती.

"रवंथ बंद हाये," भाऊ म्हणाले.

"मग आता?"

"भिंतीले खेटवून ठेवलं ना तुमी त्याले! असं भिंतीले खेटून जेवायले बसा बरं मास्तर, पचते काय पाहा."

आम्ही दोघांनी मिळून फ्रिज वीतभर पुढे ओढला. दुसऱ्या दिवशी तो गार झाला. त्याच दिवशी गावातला विजेचा दाबही ठीक झाला होता, पण हे भाऊंना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"आधी पोट पाहा" हे त्यांचं ब्रीद. पंप पाणी ओढेना, पोट पाहा. पोरगं परीक्षेत नापास झालं, पोट पाहा. मागच्या निवडणुकीत आमचा सरपंच पडला, तेव्हा सगळं डोणगाव जातीपातीचा हिशोब मांडत होतं. भाऊ म्हणाले, "त्याच्या पोटात वारा धरला होता. भाषण करतानाच समजत होतं."

याचं कारण म्हणजे भाऊंची उभी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली. ते डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे होते. पण गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं, कारण खरे डॉक्टर बदलून जायचे आणि सुखदेवभाऊ तिथेच राहायचे. गाय अडली, बैलाला फुगारा आला, की माणसं रात्री-अपरात्री त्यांच्या दारात. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची नजर तीच. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार करायच्या आधी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी पाहिली होती.

घरात ते एकटेच. म्हणजे, इंदूवहिनी आहेत. पण नातू झाल्यापासून त्या पुण्याला मुलाकडे असतात. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात, बाळाला कोणीतरी हवं. भाऊही एकदा राहायला म्हणून गेले होते, ते चार दिवसांत परत आले.

"काऊन आले भाऊ इतक्या लवकर?" मी विचारलं.

"अहो, सातवा मजला! खाली पाह्यलं तर एक शेपूट दिसत नाही. मले कोणी ओळखत नाही तर नको ओळखू. पण म्या तरी कोणाले ओळखावं?"

यावर मी हसलो. भाऊही हसले, पण जरा कमी.

तर अशा ह्या भाऊंनी एके दिवशी सकाळी गोठ्यातली मोटारसायकल उघडी केली.

उघडी केली म्हणजे अक्षरशः. तिच्यावर बारदान होतं, बारदानावर सोयाबीनची रिकामी पोती होती, पोत्यांवर तुटकी खाट होती आणि सीटवर कोंबडीनं घर केलं होतं. नोकरीत असताना भाऊंनी ती देऊळगाव राजाच्या एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. काळी, जडशीळ, दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची. तिच्यावर बसून ते तालुकाभर हिंडले. मग निवृत्त झाले, गुडघा धरला, गाडी गोठ्यात गेली आणि तिथेच राहिली.

स्टँडवरचा मेकॅनिक येऊन पाहून गेला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टोपी काढली. "डॉक्टर, हिचे पार्ट आता वर भेटतात," असं म्हणून त्यानं आभाळाकडे बोट केलं. "भंगारात द्या."

भाऊंनी त्याला चहा पाजून घालवलं आणि मला हाक मारली.

"मास्तर, आज रविवार. हात धुऊन या. ऑपरेशन हाये."

"कशाचं?"

"पोटाचं. अजून कशाचं असते?"

मोटारसायकलचं पोट म्हणजे कार्बोरेटर, हे मला त्या दिवशी कळलं. पेट्रोल आणि हवा यांचं कालवण करून तो इंजिनाला भरवतो. साध्या गाडीला एक असतो, भाऊंच्या गाडीला दोन. "गाईले चार असतात," भाऊ म्हणाले, "म्हणून हिचं सोपं हाये."

सोपं अजिबात नव्हतं. बोल्ट ढिले झाले, पण कार्बोरेटर ज्या रबरी गळ्यात बसवलेले असतात, ती रबरं इतक्या वर्षांत लाकडासारखी झाली होती. भाऊंनी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं त्यांना गुंडाळलं. मग मला सांगितलं, "नुसता जोर नाही लावायचा. वासरू ओढतात तसं. कळ आली की ओढायचं."

"अहो भाऊ, गाडीला कळ कधी येणार?"

"म्या सांगतो ना. थांबा... थांबा... हं, आली! ओढा!"

मी ओढलं. उजवा कार्बोरेटर हातात आला आणि मी मागच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगात पाठीवर पडलो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कार्बोरेटर माझ्या हातातून अलगद घेतला, उलटा केला, फडक्यानं पुसला. तो रडावा अशी ते वाट पाहत होते की काय, देव जाणे.

डावाही तसाच निघाला. मग इंजिनाची दोन्ही तोंडं उघडी पडली. "उघडं तोंड, धूळ जाईन," म्हणत भाऊंनी दोन्हींत दवाखान्यातल्या सवयीनं कापसाचे बोळे बसवले आणि आम्ही आत गेलो.

कार्बोरेटरच्या खालच्या वाट्या उघडल्या. आत कधी काळी पेट्रोल होतं. आता त्याची काकवी झाली होती. वास असा, की कुंपणापलीकडे मंगलनं धाडधाड खिडक्या लावल्या. भाऊ मात्र खूश. "अपचन! म्या म्हटलं नव्हतं? इतकी वर्षं उपाशी नाही मेली ती, शिळं खाऊन पडली."

पुढचे काही दिवस त्यांच्या स्वयंपाकघराचा दवाखाना झाला. ओट्यावर फडकं, फडक्यावर नट, स्क्रू, पितळी जेट. जेट म्हणजे केसाएवढं भोक असलेली बारकी नळी. त्यातूनच पेट्रोल जातं आणि तीच तुंबते. भाऊ ती पेट्रोलमध्ये भिजवत, जनावरांच्या मोठ्या सिरींजनं तिच्यात पिचकारी मारत, मग डोळ्याला लावून खिडकीतून आभाळ पाहत. "अजून ढग हाये," म्हणत पुन्हा भिजवत. पेट्रोल गाळायला इंदूवहिनींची चहाची गाळणी होती. भिजवायला त्यांचाच स्टीलचा डबा. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं.

हे सगळं वहिनींपासून लपवायचं होतं. का, ते भाऊ सांगत नव्हते. रोज दिवेलागणीला पुण्याहून वहिनींचा व्हिडिओ कॉल येतो. इतर दिवशी भाऊ फोन नाकाशी धरून बसतात. त्या आठवड्यात त्यांनी तो वर धरला.

"अवो, हे काय दाखवून राह्यले? पंखा म्या पाह्यलेला हाये."

"रेंज वर हाये आज."

"चहा घेतला काय?"

"हाव."

"गाळणी कुठं हाये? वरच्या खिळ्यावर दिसून नाही राह्यली."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेट्रोलमधल्या गाळणीकडे पाहिलं.

"मास्तरकडे दिली," भाऊ म्हणाले. "त्याईच्याकडे पाहुणे आले लय."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मंगलला फोन करून पाहुण्यांची चौकशी केली. ते पाहुणे मंगलनं कसे निभावले, हे तिचं तिलाच माहीत. मला मात्र त्या रात्री भाजीत मीठ मिळालं नाही.

शेवटी कार्बोरेटर बसले. टाकी धुतली, नवं पेट्रोल-ऑइल भरलं, प्लग घासले. गल्ली जमली. भाऊंनी किक मारली. काही नाही. मी मारली. दूधवाल्यानं मारली. पोस्टात जाता जाता एक जण मारून गेला. गाडी एका बाजूनं "फट्" म्हणाली आणि गप्प झाली. भाऊंनी नेहमीप्रमाणे कान लावला. बराच वेळ ऐकलं. आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी उजवा कार्बोरेटर पुन्हा सोडवला. आत बोट घातलं. पेट्रोलनं चिंब झालेला कापसाचा बोळा बाहेर आला.

डावीकडचा बोळा त्यांनी काढला होता. उजवीकडचा राहिला होता.

"पोटात कापूस ठेवून टाके घातले म्या," ते म्हणाले. "सगळ्या नोकरीत कधी नाही झालं असं."

"अहो, गाडी आहे ती. निघाला ना बोळा?"

"हात गेला मास्तर. हात गेला माहा."

माणसं पांगली. भाऊ बोळा मुठीत धरून गोठ्यात बसून राहिले. मंगलनं पिठलं-भाकर पाठवली, ती संध्याकाळी झाकलेली तशीच परत आली. "असू दे म्हणा आता," मंगल म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

सकाळी मी दात घासत होतो, तेवढ्यात शेजारून असा आवाज आला की माझ्या हातातला तांब्या पडला.

मी धावलो. गोठा दिसतच नव्हता, नुसता निळा-पांढरा धूर. धुराच्या आत कुठेतरी गाडी धडधडत होती आणि भाऊ खोकत होते. गल्लीत एकच धावपळ. "डासांची फवारणी आली, पाण्याची भांडी झाका!" कोणीतरी ओरडलं. समोरच्या म्हातारीनं लोणच्याची बरणी पदरात घेतली. एकानं तर ग्रामपंचायत अखेर जागी झाली म्हणून सरपंचाचं कौतुकही केलं. धूर विरला तेव्हा भाऊ दोन्ही सायलेन्सरच्या मागे एकेक तळहात धरून उकिडवे बसले होते, दोन वासरांचा श्वास पाहावा तसे.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि पुण्याला लावला. हॅलो नाही, काही नाही. फोन सरळ सायलेन्सरजवळ धरला. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग वहिनींचा आवाज आला.

"डावी बाजू मागं पडून राह्यली तिची."

गल्ली हसली. भाऊंनी घाईघाईनं गाडी बंद केली. "तुले कसं कळलं?"

"नाल्याच्या पुलावर आवाज आला की म्या तवा मांडत होती. दाराशी येईपर्यंत भाकर तव्यावर. इतकी वर्षं. मले नाही कळणार?" आणि मग, "तरीच माही गाळणी..."

मागे बाळ रडायला लागलं. "उठला तो. ठेवते म्या," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. भाऊंनी तो लगेच खाली केला नाही.

आता भाऊ कुठे जाणार, यावर गल्लीत चर्चा सुरू झाली. बहुतेकांचं मत होतं, देऊळगाव राजाला, बालाजीला. दूधवाला म्हणाला, "डॉक्टर पुण्याले जातात, लिहून घ्या." भाऊ कुठेच गेले नाहीत. रोज सूर्य खाली आला की ते गाडी काढत, गावाबाहेर नाल्याच्या पुलापर्यंत जात, तिथून वळत आणि परत येत. बस. गाडी गोठ्यात लावायची, बारदान टाकायचं.

आठवडाभर हे चाललं. मंगलचे वाळत घातलेले कपडे धुरकट झाले. "विचारा तरी त्यांना, हे काय चाललंय," ती म्हणाली.

मी कुंपणाशी गेलो. भाऊ गाडी पुसत होते.

"भाऊ, इतकी खटपट केली, आता कुठेतरी लांब तरी जाऊन या. नुसतं पुलापर्यंत काय जाता?"

"जायले नाही जात म्या."

"मग?"

त्यांनी फडकं झटकलं आणि टाकीवर ठेवलं.

"यायले जातो, मास्तर. पायी गेलं ना, तर माणूस नुसता घरात शिरते. कोणाले पत्ता लागत नाही. गाडीवर कसं, घरी आल्यावानी वाटते." मग एकदम म्हणाले, "डाव्या बाजूचं पोट अजून साफ नाही. इंदूचं बरोबर हाये," आणि खाली वाकून तिथलं काहीतरी पाहू लागले.

घरी येऊन मी मंगलला सांगितलं. दोरीवरचे कपडे काढून तिनं परसात नेले आणि तिकडे नवी दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वह्या तपासत ओट्यावर बसलो होतो. पुलाकडून आवाज आला. उजवी बाजू नीट, डावी जरा मागे. मंगल आत भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि कुंपणाशी जाऊन थांबली. गाडी वळणावर दिसली, फाटकातून आत गेली, बंद झाली.

"आले काय भाऊ?" मंगलनं मोठ्यानं विचारलं.

पलीकडे बारदानाची खसफस थांबली.

"हाव," भाऊ म्हणाले. "आलो."