‘धरा’ म्हटलं की तीन शिल्लक

“वजनं उचलणाऱ्या माणसाला पोहण्यासारखा कार्डिओ नाही!” असं दौलत कदमने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, तेव्हा पाण्याशी त्याचा आजवरचा संबंध रोजच्या आंघोळीच्या बादलीपुरता होता.

मीटिंग ठाकुर्लीच्या पोलाद जिममध्ये, मालकीण विनितामॅडमच्या केबिनमध्ये चालली होती. शीळफाट्याला जिमची नवी शाखा निघत होती. शेजारच्या क्लबचा तलाव सकाळी वापरायला मिळणार होता आणि तिथला मुख्य ट्रेनर कोण, हे ठरायचं होतं. दौलत चौदा वर्षं या जिममध्ये घाम गाळत होता. या काळात त्याच्यामागून आलेले दोघे मुख्य ट्रेनर होऊन गेले. तिसरा उमेदवार सलिल, योगावाला, अंगाने काडी, आत्ता समोरच्याच खुर्चीत मांडी घालून बसला होता. या खेपेला जागा हुकली तर आपण जन्मभर लोकांच्या हातात डंबेल देत राहणार, हे दौलतला स्वच्छ दिसत होतं. या काळजीपोटी गेला आठवडाभर सहाव्या अंड्यानंतर त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“ट्रेडमिलने गुडघे जातात,” तो पुढे म्हणाला. “पाण्यात सांध्यांवर लोड नाही. हार्ट मजबूत, मसल शाबूत!”

हे सगळं खरं होतं. त्याने आदल्याच दिवशी मोबाइलवर वाचलं होतं.

“पण दौलत, तुम्हाला पोहता येतं?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, मी खाडीकाठी वाढलोय!”

हेही खरं होतं. खाडीकाठच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर.

“मग रविवारी डेमो द्या. तुमची पोरंही येऊ देत बघायला.”

उरलेले चार दिवस दौलतने घरी सराव केला. हॉलमध्ये स्टुलावर पालथं पडायचं, समोर मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि दोन्ही हातांत डंबेल घेऊन हवा कापायची. एका सेटला बारा हात. मग नव्वद सेकंद विश्रांती. मग पुन्हा बारा.

“अहो, यात पाणी कुठेय?” बायकोने, हेमांगीने, विचारलं.

“आधी टेक्निक, मग पाणी.”

“सरळ क्लासला जा की.”

“अगं, ठाकुर्लीत लोक मला ओळखतात. मी काय लहान मुलांच्या रांगेत उभा राहू?”

हेमांगीने त्याच्या हाताच्या टप्प्यातली फुलदाणी तेवढी उचलली. चार दिवसांत दौलत घरी एकदाही बुडाला नाही, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास चांगलाच वाढला.

रविवारी सकाळी तलावाच्या काठावर त्याची अकरा पोरं रांगेने उभी राहिली. ही पोरं दौलतच्या हाताखाली तयार झालेली. त्याचा एक नियम त्यांना पाठ होता. बेंचवर पडून वजन उचलणाऱ्यामागे जोडीदार आधाराला उभा राहतो, त्याने घाईने हात लावायचा नाही! “माणूस ‘धरा’ म्हणाला की अजून तीन रेप, म्हणजे तीनदा उचलायचा दम, शिल्लक असतात,” दौलत सांगायचा, “आणि डोळे पांढरे केले तर चार!” या नियमाने जिममध्ये पुष्कळ दंड तयार झाले होते.

विनितामॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी व्हिडिओ काढायला मोबाइल सरसावला. सलिल शेजारी शांतपणे श्वास घेत होता. तलावात त्या वेळी एकट्या विमलाबाई पोहत होत्या. वय एकाहत्तर. आसपासचे टॉवर उभे राहण्याआधी तिथे जे गाव होतं, त्या गावच्या. डॉक्टरने गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं म्हणून येत. चष्मा काठावर ठेवून त्या सावकाश इकडून तिकडे जात-येत होत्या.

दौलतने आठ फुटांच्या बाजूने उडी मारली. काठावरचे सगळे भिजले.

आता सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण तो चक्क पुढे गेला! चौदा वर्षं कमावलेले खांदे होते. त्यांनी पाणी अक्षरशः ढकलून बाजूला केलं. पोरं मोठ्याने मोजत होती. “नऊ! दहा! अकरा! बारा!”

बारा झाले. सेट संपला. आणि अंगवळणी पडलेल्या सवयीने दौलत नव्वद सेकंद विश्रांतीसाठी थांबला.

तो वर आला तेव्हा तोंडभर पाणी आणि डोळ्यांत निव्वळ भीती होती. इतका तो लहानपणी अंधाऱ्या जिन्यालाही घाबरला नव्हता. “धरा!” तो ओरडला.

“तीन शिल्लक!” पोरांचा म्होरक्या सूरज गरजला. “कोणी हात लावायचा नाही!”

“अरे, धरा!”

“तुमचीच ताकद आहे, सर! तुमचीच! अजून एक!”

दौलतचे डोळे पांढरे झाले.

“चार!” अकराही जण एका सुरात ओरडले.

काठावरच्या जीवरक्षकाने, दगडूने, शिट्टी फुंकली आणि तो उडी घेणार, तोच दोन पोरांनी त्याला कमरेला धरून अलगद वर उचललं. दगडूचं वजन पन्नास किलो. पोरं याहून जास्त वॉर्मअपला उचलत.

“अरे सोडा! तो बुडतोय!” दगडू हवेत पाय झाडत ओरडला.

“काका, तुम्हाला जिममधलं कळत नाही,” सूरज त्याला समजावत म्हणाला. “सरांचा शेवटचा रेप आहे.”

एव्हाना विमलाबाई आपल्या नेहमीच्या फेरीत तिथवर पोचल्या होत्या. “आरं, बगताव काय नुसतं?” त्या काठाकडे बघून म्हणाल्या. मग दौलतकडे वळल्या. “मना नको धरू, पोरा. हातपाय सोर. गप!” आणि त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलं सरकवावं तशा बेताने, त्याला काठाला आणून लावलं.

“बघा!” सूरज भारावून बाकीच्यांना म्हणाला. “सपोर्ट असा द्यायचा असतो. फक्त दोन बोटं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विनितामॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. “दौलत, इतकी वर्षं जिम चालवतेय, पण पाण्यात इतक्या टोकाला जाणारा माणूस पाहिला नाही! कार्डिओ म्हणतात तो हाच!”

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून दौलतने तोंड उघडलं. त्यातून पाणी आलं. मग आणखी पाणी आलं. ते संपेपर्यंत मॅडम म्हणून गेल्या होत्या, “एक तारखेपासून शीळफाटा तुमचा.”

दौलतने तोंड मिटलं. सलिलने उठून मोकळ्या मनाने त्याचं अभिनंदन केलं, त्याचं दौलतला जास्तच वाईट वाटलं.

विमलाबाई चष्मा पुसत होत्या. जाताना त्याच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाल्या, “उद्या सकाली सहाला ये.”

महिनाभर दौलत रोज सहाला गेला. क्लबच्या शिकाऊ वर्गातल्या सात-सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत, पाठीला तरंगायचा डबा बांधून. प्रीती नावाची एक चिमुरडी त्याच्या पुढे असायची. “काका, डोळे उघडा, काही होत नाही,” असं ती त्याला रोज सांगायची.

“तुजं आंग लई घट हाय,” विमलाबाई शेजारून फेरी मारताना म्हणायच्या. “घट मानसाला पानी नाय उचलत. सैल सोर.”

आता दौलतने चौदा वर्षं अंग फक्त घट्टच केलं होतं. ते सैल कसं करतात हे कोणत्याच मशिनवर लिहिलेलं नव्हतं. पण एकविसाव्या दिवशी तो पाठीवर पडला, सैल झाला, आणि पाण्याने त्याला धरलं. वर आभाळ होतं. दौलतला रडू आलं. पाण्यात होता म्हणून बरं, कोणाला दिसलं नाही.

एक तारीख उजाडली. बॅच भरलेली. विनितामॅडमचा मोबाइल तयार. दौलत पाण्यात उतरला आणि एका दमात, कुठेही न थांबता, पलीकडच्या काठाला हात लावून परत आला. पाणी फारसं उडालंही नाही. डोळे पुसून त्याने अभिमानाने वर पाहिलं.

कोणी टाळी वाजवली नाही.

“वॉर्मअप झाला ना, सर?” सूरजने विचारलं.

“वॉर्मअप? अरे, हेच तर—”

“पोहणं काय, सलिलसरांनाही येतं. ते दाखवा ना, त्या रविवारचं!”

“त्या व्हिडिओवरच तर बॅच फुल झाली, दौलत,” मॅडम म्हणाल्या.

दौलत आठ फुटांकडे गेला. बारा हात मारून थांबला. काहीच झालं नाही. तो आरामात तरंगत राहिला. त्याने हात आपटले, पाय झाडले, “धरा!” असं ओरडूनही पाहिलं. खाली जायला बघावं तर अंग आपसूक सैल पडे आणि तो बुचासारखा वर येई. काठावर कुजबुज सुरू झाली. नव्याने आलेल्या एकाने घड्याळात पाहिलं.

शेवटी सूरज काठावर उकिडवा बसला आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, हळहळून म्हणाला, “सर, महिनाभर प्रॅक्टिस सोडलीत वाटतं!”