जंगलात एक शब्दही नाही

यंदा ऑफिसच्या कॅलेंडरवर माझा फोटो झळकणार, असं मी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलून गेलो आणि तिथंच फसलो. मला कुणी विचारलंही नव्हतं. पण गेल्या वर्षी मुखपृष्ठावर कॅशियरच्या मांजरीचा फोटो आला होता आणि तेव्हापासून हा गृहस्थ माझ्याशी मान तिरकी करून बोलायला लागला होता.

"मांजर काय हो, सोफ्यावर बसतेच," मी म्हणालो. "मी जंगलातलं हरीण आणतो. शिंगांसकट!"

"आणा की," कॅशियर म्हणाला. "नाही जमलं तर आमच्या मांजरीला पिल्लं झालीच आहेत."

आता माघार घेणं म्हणजे सगळ्यांदेखत नाक कापून घेणं. मी मेव्हण्याचा कॅमेरा मागून आणला, मातकट जाकीट आणि मातकट टोपी चढवली (हरणाला आपण दिसता कामा नये) आणि रविवारी सकाळी बायकोला घेऊन अभयारण्य गाठलं. पानगळीचे दिवस होते. झाडं पिवळी-तांबडी झाली होती, पायवाटेवर पानांचा खच पडला होता. मी अगदी खूश होतो.

गेटपाशीच मी नियम सांगून टाकला. "जंगलात एक शब्दही बोलायचा नाही. काही सांगायचं तर खुणेनं."

"आणि साप दिसला तर?"

"खुणेनं."

"तुमच्याच पायाखाली दिसला तर?"

"तरीही खुणेनं!"

"बरं. आपलंच वाक्य लक्षात ठेवा म्हणजे झालं," बायको म्हणाली.

चढावर माझ्या धापा टाकण्याचाच आवाज इतका झाला की तिला दोनदा मागं वळून ओठांवर बोट ठेवावं लागलं. शेवटी ओढ्याकाठी एक मोकळी जागा सापडली. बायको पलीकडच्या झाडाखाली माझ्याकडे तोंड करून बसली. मी पाण्यावर कॅमेरा रोखून ओणवा झालो. हरीण पाण्यावर येणार, हे ठरलेलं होतं. (हरणाला कुणी कळवलं नव्हतं.)

बराच वेळ झाला. हरीण येईना, भूक मात्र आली. मी हळूच ब्रेड-बटर काढलं, तोच बायकोनं डोळे मोठे केले.

आमच्या संसारात या डोळ्यांना अर्थ आहेत. पाहुण्यांसमोर बारीक झाले की माझा विनोद फसलाय, आणि मोठे झाले की माझं खाणं पुरे. डॉक्टरांनी माझं लोणी बंद केल्यापासून ते बहुतेक मोठेच असतात. मी निमूटपणे ब्रेड पाठीमागं लपवला. ती बोटानं माझ्या मागं दाखवू लागली. पिशवी मागंच होती. 'ठेवा परत' असं म्हणते आहे, असं समजून मी न बघताच हात मागं नेला. ब्रेड अलगद सुटला.

आता तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवून बोटं फाकली. याचा अर्थ 'डोकं फिरलंय का तुमचं?' हे मी लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ओळखणार नाही तर कोण ओळखणार? खिशात लपवलेला दुसरा ब्रेडही तिला दिसला म्हणायचा! मी ओशाळून तोही मागं दिला. ब्रेड गेला आणि माझ्या मानेवर कुणीतरी ऊन ऊन श्वास सोडला.

मी वळलो. नाकासमोर दोन ओल्या नाकपुड्या, वर झाडाएवढी शिंगं आणि ओठाला लोणी!

मी असा काही ओरडलो की हरीण ओढा ओलांडून दिसेनासं झालं. कॅमेऱ्यात निघाला तो माझ्या बुटाचा फोटो.

"अगं, बोलायचं नाही का!"

"एक शब्दही नाही, असं म्हणाला होतात," बायको म्हणाली आणि तिनं मोबाईल पुढं केला. त्यात तांबड्या झाडांखाली ते हरीण असं ऐटीत उभं होतं की मी भांडणच विसरलो.

सोमवारी मी तो फोटो साहेबांच्या कॉम्प्युटरवर लावला. (कुणी काढला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय वाढवला नाही.)

"वा! मुखपृष्ठ ठरलं," साहेब म्हणाले. कॅशियरचा चेहरा पडला. माझी छाती फुगली. मग साहेबांनी चष्मा पुसला. "फक्त पुढं तो मातकट दगड आलाय. तेवढा कापून टाकू."

कॅशियर वाकून स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान तिरकी केली.

"असू दे साहेब," तो म्हणाला. "दगड ओळखीचा वाटतोय."